जामीनदाराची सही

माझ्या लेकीला, शांतव्वाला, जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. भादव्यात बारसं झालं. सगळे आले, पण तिचा मामा आला नाही. तो जेलात होता.

बारशाच्या तिसऱ्या दिवशी मी फुकट वकिलांच्या ऑफिसात गेले. पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या होत्या. बाहेर पाटी होती, पण पाटी वाचणारे तिथं येत नसत. आम्ही गिरणीच्या खुणेनं जायचो. बाहेरच्या खोलीत नवीन मुलगी बसली होती. केस कापलेले, हातात कोरी वही.

"या मावशी, बसा. नाव काय तुमचं?"

"दुर्गव्वा वितकर."

"घटना कधी घडली?"

मी तिच्याकडं बघितलं. "कितव्यांदा सांगू?"

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात एका चष्मेवाल्याला सांगितली. मग दोघी आल्या, त्यांना सांगितली. एकीला मराठी येत नव्हतं. दुसरीनं तिला इंग्रजीत सांगितली, तर ती रडली. तिच्यासाठी मीच पाणी आणलं. मग एक आला, त्यानं माझा फोटो काढला. आता तू. तू पण महिनाभरच ना?"

"चार आठवडे," ती हळूच म्हणाली.

"मग कशाला वहीची पानं घालवतेस? तू जाशील, दुसरी येईल, म्हणेल घटना कधी घडली."

आतल्या खोलीतून निगारबाई वकील हसल्या. "दुर्गव्वा, पोरीचा पहिलाच दिवस आहे. एवढ्यात मारू नका तिला."

कायद्याच्या कॉलेजातली मुलं तिथं महिन्या-महिन्यानं शिकायला यायची. चांगली होती सगळी. कागद लिहायची, जेलात जाऊन भेटायची, आमच्या वस्तीवर भाकरी खायची. पण महिना संपला की जायची. नव्याला जुन्याचं अक्षर लागायचं नाही, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. निगारबाई एकट्या, आणि तीन तालुक्यांची कोर्टं. त्या तरी काय करणार?

या मुलीचं नाव केतकी. तिलाही सांगितली.

रामण्णा माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच वाढवला. आम्ही वडार. मी जात्या-पाट्याला टाकी लावत गावोगाव फिरायची, तो विहिरी फोडायचा. बायको सोडून गेल्यापासून माझ्याचकडं राहायचा. चैत्रात एका मळ्यात त्यानं विहिरीचं काम केलं. काम संपवून आठ दिवस झाले आणि तिथल्या मोटारीची केबल चोरीला गेली. पोलिसांनी विचारलं, इथं बाहेरचं कोण आलं होतं? मालक म्हणाला, वडार आले होते. एवढ्यावर नेला. केबल सापडली नाही, दुसरा माणूस सापडला नाही. पुढं निगारबाईंनी जामीन मंजूर करून घेतला. कोर्टानं सांगितलं, एक जामीनदार द्या आणि घेऊन जा.

जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस. आमच्या वस्तीत तेव्हा कुणाच्या नावावर काय होतं? गाढवं होती. गावातल्या बागायतदारांना विचारलं. एक म्हणाला, "दुर्गव्वा, तू चांगली आहेस गं, पण वडाराला जामीन राहिलो तर माझ्याच घरात भांडण लागेल." जामीन मंजूर होऊन तीन महिने झाले आणि रामण्णा आतच.

केतकीनं लिहून घेतलं. मग तिनं एक केलं, जे आधीच्यांनी केलं नव्हतं. जुनी फाइल खोलीवर नेली आणि दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना वस्तीवर आली. मी पाटा घेऊन बसले होते.

"मावशी, हे घर कुणाचं?"

"सरकारनं दिलं. घरकुल. श्रावणात दार बसलं."

"कुणाच्या नावावर?"

"माझ्या. मालक नाहीत ना, म्हणून."

ती माझ्यासमोर मातीत बसली. "मग जामीनदार शोधत कशाला फिरताय? जामीनदार तुम्हीच!"

माझ्या हातातली टाकी तशीच राहिली. मी म्हणाले, "बाई जामीनदार असते?"

"का नाही? घर आहे, रेशनकार्ड आहे. कायद्यात कुठं लिहिलंय पुरुषच पाहिजे म्हणून?"

शांतव्वा दारातून म्हणाली, "बघ आई. चार जण शिकून गेले, आणि हिनं नुसतं दार बघितलं."

त्या दिवसापासून आम्ही दोघी कागदांच्या मागं लागलो. घराचा उतारा, ग्रामसेवकाचा दाखला, फोटो, रेशनकार्डाची नक्कल. ग्रामसेवक आठवड्यातून एकदा यायचा, आणि तो वार कोणता हे त्यालाच ठाऊक. आम्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तासन् तास बसायचो. बसल्या बसल्या केतकी म्हणाली, "मावशी, सही शिकणार?"

"आता? नातवंडं झाली मला."

"वेळ आहे तोवर शिकू. नाहीतर मला तुम्ही टाकी लावायला शिकवा."

मी तिला दोन्ही दिलं. आधी तिच्या हातात टाकी-हातोडा दिला. तिनं तिसऱ्या ठोक्याला अंगठा ठेचून घेतला आणि "आई गं" करून ओरडली. ओट्यावरची म्हातारी माणसं हसली. मग तिनं माझ्या हातात पेन दिलं. मी ते टाकीसारखंच मुठीत धरलं. दोन कागद फाटले.

"मावशी, दगड नाहीये तो. हळू."

"हळू केलं तर उमटत नाही."

"उमटतं. बघा."

आणि उमटलं. दुर्गव्वा. त्या नावात एवढे वळसे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणाले, "बापानं सोपं नाव ठेवायचं होतं." केतकी म्हणाली, "अवघड आहे म्हणून तर कुणी तुमची खोटी सही करणार नाही." पंधरा दिवसांत मी न बघता सही करायला लागले. पाट्याच्या मागं खडूनं करायची, चुलीपुढच्या राखेत काडीनं करायची. शांतव्वा म्हणायची, आईला वेड लागलं.

अश्विनात जेलात भेटायला गेलो. रामण्णा जाळीपलीकडं आला तर मी आधी ओळखलंच नाही. गाल बसलेले. विहिरी फोडणाऱ्याच्या छातीत दगडाची धूळ असतेच, त्यात आतली ओल. बोलायच्या आधी खोकायचा.

"औषध देतात का?" केतकीनं विचारलं.

"देतात की. पांढरी गोळी. डोकं दुखलं तरी तीच, पोट दुखलं तरी तीच." तो हसला, आणि हसता हसता खोकल्यानं वाकला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, हीच का ती तुझी मास्तरीण?"

"हीच. सही येते आता मला."

"खोटं नको बोलू."

केतकीनं पेन दिलं. मी तळहातावर सही केली आणि जाळीला लावली. रामण्णाला वाचता येत नव्हतं. तरी त्यानं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"माझं आहे का त्यात कुठं?"

"नाही रे. माझं एकटीचं नाव आहे."

"मग मला बाहेर काढल्यावर माझं शिकव." पुन्हा खोकला. "अक्का, लवकर कर. रात्री दम पुरत नाही."

बाहेर आल्यावर केतकीनं फाटकापाशीच फाइल उघडून तारखा बघितल्या. मग म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीच्या आत. कसंही करून."

तिचा शेवटचा दिवस आणि कोर्टाचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस एकच आला. कागद आदल्या दिवशी पुरे झाले होते. निगारबाईंना दुसऱ्या तालुक्यात खुनाच्या खटल्यात उभं राहायचं होतं. जाताना त्या केतकीला म्हणाल्या, "अर्ज मी सही करून ठेवलाय. कागद टेबलावर द्यायचे, कारकून तपासेल, जामीनदाराची सही-अंगठा घेईल, जजसाहेबांपुढं ठेवेल. बोलायचं काही नाही. मी चारपर्यंत येतेच."

मी नवं लुगडं नेसले होते. कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनाच दिवाळीच्या आत माणसं सोडवायची होती. आमचा नंबर येईपर्यंत साडेतीन वाजले. कारकुनाचं नाव हिंगमिरे. डोळ्यांखाली काळं आलेला, थकलेला माणूस. त्यानं आमचे कागद उलटेसुलटे बघितले, मान हलवली आणि म्हणाला, "ठीक आहे. जामीनदार कोण?"

"मी."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि न विचारताच शाईचा डबा पुढं सरकवला. माझा हात सवयीनं डब्याकडं गेला.

केतकी म्हणाली, "साहेब, मावशी सही करतात."

तिनं ते असं म्हटलं की मागच्या दोन बायांनी माना पुढं काढून माझ्याकडं बघितलं. मी हात मागं घेतला. हिंगमिरेनं पेन दिलं. "करा."

मी केली. इतकी चांगली सही मी तोपर्यंत केली नव्हती.

हिंगमिरेनं कागद उचलला, शिक्का घेतला आणि थांबला. घराचा उतारा काढला. ग्रामसेवकाचा दाखला काढला. घरकुलाचा करार काढला. सगळे शेजारी शेजारी ठेवले.

"इथं सगळीकडं अंगठा आहे."

"हो," केतकी म्हणाली. "तेव्हा त्यांना लिहिता येत नव्हतं. आत्ता शिकल्या."

"आत्ता म्हणजे?"

"या महिन्यात. मीच शिकवलं."

"दाखला परवाचा आहे. परवा अंगठा, आज सही." घरकुलाच्या करारावर अंगठा होता, म्हणून ग्रामसेवकानं दाखल्यावरही सवयीनं अंगठाच घेतला होता. हिंगमिरेनं माझा फोटो बघितला, मला बघितलं. फोटोत डोक्यावर पदर होता आणि तोंड अर्धं अंधारात. "ही तीच बाई कशावरून?"

मी म्हणाले, "मीच की हो. दुसरी कोण येईल वडाराला सोडवायला?"

"आजी, माझं तुमच्याशी वैर आहे का? मागच्या वर्षी याच टेबलावर एका बाईनं तीन नावांनी तिघांना सोडवलं. माझी चौकशी अजून चालू आहे."

"मग अंगठा घ्या." मी डबा स्वतःकडं ओढला, शाईत अंगठा बुडवला. "हा घ्या. जुळवून बघा."

"कुठं घेऊ? कागदावर सही झालीय. आणि सही येते हे मी डोळ्यांनी बघितलं. सही येणाऱ्याचा अंगठा चालत नाही."

"तर मग समजा, मला येत नाही."

मागची माणसं हसली. हिंगमिरे हसला नाही. "समजून कसं चालेल? नवा कागद करा, आणि ग्रामसेवकाचं पत्र आणा, की हा अंगठा आणि ही सही एकाच बाईची आहे. नाहीतर वकिलांनी इथं येऊन ओळख पटवावी."

केतकी म्हणाली, "मी ओळखते यांना. मी लिहून देते, माझी जबाबदारी."

"तुम्ही वकील?"

"नाही. इंटर्न आहे. कायदा केंद्राकडून."

"म्हणजे काय?"

"शिकाऊ."

"शिकाऊ माणसाची ओळख चालत नाही हो, ताई."

केतकीनं फोन लावला. निगारबाईंचा फोन बंद. साक्ष चालू असताना त्या बंदच ठेवायच्या. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. वर साहेब शेवटची प्रकरणं उरकत होते. आमच्यापासून दहा पावलांवर. त्यांनी एकदा विचारलं असतं, "बाई, ही सही तुझी का?" आणि मी "हो" म्हटलं असतं, तर संपलं होतं. केतकीला ते दिसत होतं. ती वकिलांच्या बाकांपर्यंत गेली. तिथं एक लाकडी कठडा होता, त्याला तिनं दोन्ही हातांनी धरलं.

"सर, एक विनंती..."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. आवाज चढवला नाही. "आपण वकील आहात?"

"नाही सर. विद्यार्थिनी आहे. पण जामीनदार इथं हजर आहेत, आणि आरोपीची तब्येत..."

"वकील कुठे आहेत?"

"दुसऱ्या कोर्टात आहेत. चारपर्यंत येतील."

"आल्यावर त्यांना सांगायला सांगा. तुम्ही असं बोलू शकत नाही, हे तुम्हाला शिकवलंच असेल."

"हो सर," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

मी मागून ओरडले, "साहेब, मी बोलते, तो माझा भाऊ आहे!" शिपायानं माझा दंड धरला. "आजी, हळू. नाहीतर बाहेर बसावं लागेल."

साडेचारला साहेब उठले. सगळे उभे राहिले, म्हणून मीही राहिले. निगारबाई पाच वाजून वीस मिनिटांनी आल्या, धुळीनं माखलेल्या, स्कूटर तशीच रस्त्यात टाकून. हिंगमिरेनं कपाटाला कुलूप लावलं होतं. त्या त्याच्या मागं बसस्टॉपपर्यंत गेल्या. तो म्हणाला, "बाईसाहेब, साहेबच गेले, मी एकटा काय करू? तुम्ही सुट्टीतल्या कोर्टात अर्ज द्या."

केतकी ऑफिसाच्या जिन्यात बसून रडत होती. तिची गाडी सातची होती. बॅग शेजारीच होती.

"मी बोलले नसते तर झालं असतं. तुम्ही अंगठा लावत होतात. मी मध्ये बोलले."

"गप," मी म्हणाले. "मलाच हौस. माझा हात कुणी ओढला होता का?"

"मी थांबते. घरी कळवते."

निगारबाई म्हणाल्या, "थांबून काय करशील, बेटा? उद्यापासून गावात कुणी भेटणार नाही. जा. मी आहे ना." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे." त्यांनाही तसंच वाटत होतं.

मी केतकीला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं माझा हात धरला. माझ्या अंगठ्याची शाई तिच्या बोटांना लागली.

मग सुट्टी. निगारबाई दोनदा सुट्टीतल्या कोर्टात गेल्या. तिथले साहेब म्हणाले, मूळ फाइल आणा. फाइल हिंगमिरेच्या कपाटात, आणि हिंगमिरे सासुरवाडीला. ग्रामसेवक त्याच्या गावी गेला होता. मी शांतव्वाच्या नवऱ्याला घेऊन त्याच्या गावी गेले, तर तो सहकुटुंब देवदर्शनाला गेलेला. त्याच्या आईनं आम्हाला चिवडा दिला. जेलात गेले तर फाटकावरचा म्हणाला, सुट्टीत मुलाखत बंद. मी म्हणाले, एवढं औषध तरी द्या आत. तो म्हणाला, बाहेरचं औषध चालत नाही. मी फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडं बसून राहिले. उठवायला कुणी आलं नाही. बोलावायलाही कुणी आलं नाही. संध्याकाळी शेवटची गाडी असायची, तिनं परत यायची. तीन दिवस असं केलं.

चौथ्या दिवशी ग्रामसेवक भेटला. भला माणूस. ओट्यावर उभ्या उभ्याच पत्र लिहून दिलं, की अंगठा आणि सही एकाच बाईची. पत्राखाली त्यानं माझा अंगठाही घेतला आणि सहीही घेतली. पत्र मी निगारबाईंकडं नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, "आता कुणाच्यानं अडत नाही. कोर्ट पौर्णिमेनंतर उघडतंय."

मार्गशीर्षात शांतव्वाच्या नवऱ्याच्या फोनवर केतकीचा फोन आला.

"मावशी! परीक्षा चालू होती, फोनच करता आला नाही. निगार मॅडमना केला, त्या म्हणाल्या, दुर्गव्वांशीच बोल. सुटले का रामण्णा मामा?"

तिचा आवाज धापा टाकत येत होता. जिना चढून आल्यासारखा.

मी म्हणाले, "सुटला."

"खरंच? कधी?"

"सुट्टीतच. त्या ग्रामसेवकानं पत्र दिलं."

"कुठं आहेत? बोलू का त्यांच्याशी?"

"जेवतोय. फोनवर त्याला बोलता येत नाही, लाजतो."

ती हसायला लागली, मग रडायला लागली. "मावशी, मला रोज ते डोळ्यांसमोर येत होतं. मी कॉलेज सोडणार होते. आईला सांगितलं होतं."

"सोडू नको. वकील हो. उभी राहा तिथं, कठड्याच्या आत."

"आणि तुम्ही सही सोडू नका."

"नाही सोडत."

तेही खोटंच होतं. चार वर्षं मी पेन हातात घेतलं नाही, जिथं तिथं अंगठाच देत होते. मग बालवाडीच्या बाई दुपारी वस्तीवरच्या बायकांना शिकवायला लागल्या, तिथं मागं जाऊन बसले. नुसत्या सहीवर थांबले नाही. हळूहळू वाचायला आलं, मग लिहायला आलं.

निगारबाईंनी ते खोटं सांभाळलं. मी सांगितलं नव्हतं, तरी सांभाळलं. केतकी वकील झाली. तिचं लग्न झालं, तेव्हा पत्रिका आली होती. वर्षातून एकदा तिचा फोन येतो, आणि ती विचारते, मामा कसे आहेत? मी म्हणते, बरा आहे. आता माझं वय झालंय, आणि फोनवर मला हे कधीच सांगता येणार नाही. म्हणून लिहिते. हे तिला मिळेल तेव्हा तिच्या हाताखालीही दोन-चार पोरं शिकत असतील.

केतकी, माझा भाऊ रामण्णा यल्लप्पा अलकुंटे सुटला नाही. तो त्याच वर्षी कार्तिक शुद्ध दशमीला, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, जेलातून सरकारी दवाखान्यात नेल्यावर वारला. ग्रामसेवकाचं पत्र मी आदल्या दिवशी नेऊन दिलं होतं. त्याचं वय एकेचाळीस होतं.